विमा कुठून घेता यापेक्षा फॉर्म कोण भरतो ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. तेव्हापासून पॉलिसी घ्यायचा विचार करणारे बरेच जण एकच विचारतात : ऑनलाइन घेऊ की एजंटकडून? नुसता हप्त्यातला फरक पाहून हे ठरवू नये. दावा अनेकदा अडतो तो प्रपोजल फॉर्ममधल्या, म्हणजे पॉलिसीसाठी भरायच्या अर्जातल्या उत्तरांवर, आणि हा फॉर्म दोन्हीकडे बिघडतो.

ऑनलाइन भरताना आजारांची लांबलचक यादी येते आणि माणूस भराभर ‘नाही’वर टिचकी मारत पुढे सरकतो. एजंट भरत असेल तर वैद्यकीय तपासणी टळावी म्हणून ‘साखरेचं लिहू नका, थोडीच तर आहे’ असा सल्ला मिळतो. पुढे हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टर ‘मधुमेह, 6 वर्षांपासून’ असे लिहितात आणि कंपनी दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म काढून समोर ठेवते. सही तुमची असते किंवा ओटीपी तुमच्या मोबाइलवरचा, त्यामुळे एजंटकडे बोट दाखवून भागत नाही. खरे सांगितले असते तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावे लागले असते. लपवले, तर आरोग्य विम्यात सलग 60 महिने होईपर्यंत दावा नाकारला जाण्याची टांगती तलवार राहते. फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे ही मुदत 3 वर्षांची आहे.

वय कमी, प्रकृती ठणठणीत, ठरावीक पगार आणि हवा आहे फक्त टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाल्यासच रक्कम देणारा विमा), तर थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून खुशाल घ्यावा. तिथे हप्ता बहुधा स्वस्त पडतो. तुलना करून देणारी संकेतस्थळे मात्र ‘मधला माणूस नाही’ या समजुतीने वापरू नयेत. तीही परवानाधारक मध्यस्थच आहेत आणि विक्रीवर त्यांनाही मोबदला मिळतो. व्यवसायासाठी कर्ज घेतलेल्या विवाहित पुरुषांनी विवाहित महिला मालमत्ता कायदा, 1874 खाली पॉलिसी घेण्याचा पर्याय जरूर पाहावा. मग ती रक्कम पत्नी-मुलांसाठी राखीव राहते, सावकारांचा त्या रकमेवर सहसा हक्क पोहोचत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही.

आई-वडिलांचा आरोग्य विमा, त्यात कुणाला रक्तदाब, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली, अशा वेळी जाणकार माणूस गाठावा. एक कंपनी नाकारते ते प्रकरण दुसरी जादा हप्ता घेऊन स्वीकारते, हे त्याला ठाऊक असते. कार्डावर ‘आर्थिक सल्लागार’ छापलेले असले तरी परवाना कोणता, हे स्पष्ट विचारा. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांपैकी एकाच कंपनीचे काम घेऊ शकतो. ब्रोकर अनेक कंपन्यांच्या पॉलिसी दाखवतो आणि ग्राहकाच्या वतीने काम करतो.

त्याची परीक्षा घ्यायची तर खोलीभाड्याच्या मर्यादेबद्दल विचारा. 5 लाखांच्या पॉलिसीत 1 टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला 5,000 रुपये. 8,000 रुपयांची खोली घेतली तर वरचे 3,000 गेले, एवढ्यावर हे थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. हे खर्च 1,60,000 झाले असतील तर हाती येतात 1,00,000, बाकीचे 60,000 खिशातून. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. एवढे जो कागदावर मांडून दाखवेल त्याच्याकडून पॉलिसी घ्यावी. ‘पहिला हप्ता मी भरतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. अशी सूट देणे आणि घेणे, दोन्हींना विमा कायद्याच्या कलम 41 प्रमाणे मनाई आहे आणि दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो.

फॉर्मवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. एजंटचा नंबर असला की नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, तो विसरला की पॉलिसी बंद पडते आणि हप्ता भरायचे सवलतीचे दिवसही उलटले तर जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. मुलगा परदेशातून ऑनलाइन पॉलिसी काढतो, तेव्हा कार्ड आणि कॅशलेस हॉस्पिटलांची यादी गावातल्या वडिलांकडे छापील हवी. रात्री अकरा वाजता अ‍ॅडमिट करताना अ‍ॅपचा पासवर्ड कुणाला आठवत नाही.

पॉलिसी आली की सोबतची प्रपोजल फॉर्मची प्रत उघडून प्रत्येक उत्तर वाचा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. पटले नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांचा हप्ता वजा होऊन बाकी पैसे मिळतात.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात ही कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई ते मंजूर करू शकतात.

आणखी एक. पॉलिसीबरोबर येणारे ग्राहक माहितीपत्रक (मुख्य अटींचा गोषवारा) मागितल्यास स्थानिक भाषेत देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. पॉलिसी ऑनलाइन असो वा एजंटकडची, ते मराठीतच हवे अशी मागणी पॉलिसी घेतानाच ईमेलने नोंदवा.

– विम्याच्या दाव्यांचे काम पाहणारा एक वाचक, पुणे