नायगारा बघून पळू नकोस

बफेलो, न्यूयॉर्क

प्रिय श्रीधर,

नायगारा बघायचा, फोटो काढायचे आणि रात्रीच न्यूजर्सी गाठायची, हा आपल्या लोकांचा ठरलेला बेत. तुम्ही तसं करू नका. धबधब्यापासून बफेलो गाडीने अर्ध्या तासावर आहे. एक अख्खा दिवस काढा.

सकाळी कॅनलसाइडहून, म्हणजे शहराच्या जुन्या धक्क्यावरून, नावेची सहल घ्या. धान्याची अजस्र कोठारं (इथे त्यांना एलिव्हेटरच म्हणतात) रस्त्यावरून पाठमोरी दिसतात. त्यांचं खरं तोंड नदीकडे. तिथेच ‘मरीन लेग’ असतात : रुळांवर सरकणारे मनोरे, ज्यांतून बादल्यांचा पट्टा जहाजाच्या पोटात उतरायचा. पूर्वी आयरिश हमाल पाठीवरून धान्य वाहायचे. १८४२ मध्ये जोसेफ डार्टने इथे वाफेवर चालणारा पट्टा उभारला आणि ते काम यंत्राकडे गेलं. जनरल मिल्सचा कारखाना अजून चालू आहे, त्यामुळे वारा असेल तसा चीरिओजचा, म्हणजे इथल्या न्याहारीच्या ओटच्या कड्यांचा, खरपूस वास येतो.

दुपारी सायलो सिटी, म्हणजे नदीकाठची बंद पडलेली काँक्रीटची कोठारं. एक्सप्लोअर बफेलो या संस्थेच्या सहली असतात, जागा आधी राखून ठेवायला हवी. आत भिंतीजवळ जाऊन बघ. जेमतेम चार फूट उंचीचा साचा जॅकने (ओझं उचलायच्या यंत्राने) इंच-इंच वर सरकवत, रात्रंदिवस न थांबता काँक्रीट ओतलेलं आहे. ओतणं थांबलं की आडवा सांधा राहतो आणि पाणी नेमकं तिथून शिरतं. मग काँक्रीटमधली लोखंडी सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट पोपडा सुटावा तसं उडवते. हिवाळ्यात गोठणं-वितळणं चालूच, त्यामुळे दरवर्षी थोडं जास्त. कोठ्या गोल, कारण धान्याचा दाब भिंतीवर चहूबाजूंनी सारखा येतो आणि सळ्यांची आडवी कडी तो पेलतात. चार गोलांमधली चांदणीसारखी पोकळीही वाया घालवलेली नाही, तिथेही धान्यच.

ग्रेट नॉर्दर्न मात्र आता दिसणार नाही. १८९७ चं ते कोठार, आत पोलादी पिंपं, बाहेर विटांचं आवरण. डिसेंबर २०२१ च्या वादळात उत्तरेची भिंत कोसळली, पिंपं जागच्या जागी उभी होती. तरी पाडायची परवानगी निघाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी पाडलंच. भिंत पडली म्हणून इमारत गेली असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. वर्षानुवर्षं डागडुजी नसली की वादळाला फार काही करावं लागत नाही. धंदा तर १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाल्यावरच बसला होता : जहाजं थेट समुद्राकडे निघाली, बफेलोला माल उतरवायचं कारणच उरलं नाही. १९५० ला ५.८ लाखांचं शहर, आता निम्मंही नाही.

संध्याकाळी गॅरंटी बिल्डिंग, वास्तुकार अॅडलर आणि सलिव्हन, १८९६. तेरा मजले, बाहेरून सगळं टेराकोटा (भाजलेली माती). आधी दारापाशीचं कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीवर बघ, मगच मान वर कर. वेळ उरला तर सेनेका स्ट्रीटवर वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या लार्किन इमारतीचा उरलेला एकटा खांब. १९५० मध्ये बाकी सगळं पाडलं.

बंद बूट हवेत, वहिनींनाही सांग, सँडल चालणार नाहीत. काकांना जिने जमणार नसतील तर त्यांची नावेची सहल पुरेशी आहे. आणि काँक्रीट सेंट्रल हे ओसाड कोठार कितीही खुणावत असलं तरी स्वतःहून आत शिरू नकोस : जमिनीत उघडी भोकं आहेत, अंधारात दिसत नाहीत.

शनिवार की रविवार ते लगेच कळव, सायलोची तिकिटं मी काढतो.

तुझा,
मकरंद