ऐरणीपाशी भेटू

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात खातं उघडलंय, मारामारीत मन रमत नाही, लोहारकाम शिकायचंय, कुठून सुरू करू?’ एवढंच विचारलंस तू. पण या कामात माझे पहिले दोन महिने नुसते वाया गेले. मला वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं. तुझं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, हातोड्याइतकीच कुदळ चालवायची तयारी ठेव. या खेळात खाणकाम आणि लोहारकाम ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, पण लोहाराची खरी सुरुवात खाणीतच होते. पुढे खनिज विकत घ्यायला लागशील, ते योग्यच आहे. पहिली लगड मात्र स्वतः फोडलेल्या दगडातून काढ. हा माझा आग्रह आहे. लंब्रिज, म्हणजे आपण जिथून सुरुवात करतो त्या गावाच्या दक्षिणेला दलदल आहे, तिच्या पूर्वेच्या अंगाला तांबं आणि कथील शेजारी शेजारी सापडतं. पिशवीत एकूण २८ खण आहेत, तेव्हा १४ तांबं, १४ कथील भरायचं आणि गावातल्या भट्टीवर जायचं. भट्टीला हातोडा लागत नाही, त्यामुळे एकही खण अडत नाही. एक तांबं, एक कथील, की काशाची एक लगड तयार. खऱ्या काशात कथील साधारण दहावा हिस्सा असतं, इथे मात्र निम्मं निम्मं. मला ते आवडतं, कारण दोन्ही दगडांना सारखीच किंमत येते आणि नवख्या माणसाचा हिशेब सोपा राहतो.

एक तांब्याचा दगड फोडला की खाणकामाचे १७.५ एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल चढते) मिळतात, कथलाचेही तेवढेच. लोखंड फोडायला खाणकामाची १५ लेव्हल लागते, म्हणजे सुमारे १४० दगड, पिशवीच्या पाच खेपा. कंटाळा येईल. येऊ दे. या पाच खेपांमध्ये रस्ते पाठ होतात, कुठला दगड किती वेळाने पुन्हा भरतो ते कळतं, आणि शेजारी खणणाऱ्यांशी दोन शब्द बोलणंही होतं. माझी या खेळातली पहिली ओळख त्या दलदलीतच झाली.

आता ऐरण. लंब्रिजच्या दुकानातून हातोडा घे आणि वॅरॉक शहराला चालत जा. तिथल्या पश्चिमेच्या बँकेपासून (बँक म्हणजे आपला माल ठेवायची जागा) चार पावलांवर ऐरणी आहेत. बँक आणि ऐरण एवढ्या जवळ असणं हे लोहाराचं खरं सुख! हातोड्याला एक खण गेला की २७ लगडी मावतात. ऐरणीला लगड लावलीस की काय काय घडवता येतं त्याचा तक्ता उघडतो. खंजिराला एक लगड, समशेर किंवा लांब तलवारीला दोन, मोठ्या ढालीला (काइटशील्ड) आणि मोठ्या दोन हाती तलवारीला तीन, छाती-पाठ झाकणाऱ्या प्लेटबॉडीला पाच. काशाच्या दर लगडीमागे १२.५ एक्सपी मिळतात, मग तिचा खंजीर कर नाहीतर चिलखत. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. मोठी वस्तू केल्याने एका लगडीचे एक्सपी वाढत नाहीत, फक्त हात लवकर मोकळा होतो. म्हणून जी वस्तू कुणाला तरी लागणार आहे तीच घडवावी.

माझा पहिला खंजीर अजून बँकेत आहे. त्याची किंमत काहीच नाही, कुणी फुकटही घेणार नाही. पण तो दगड मी फोडला, ती लगड मी ओतली आणि ती पात मी ठोकली. बाहेर इतकी वर्षं नोकरी केली, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हाताखालून गेलेली एखादी वस्तू दाखव म्हटलं तर मला पटकन आठवत नाही. इथे ती आहे. म्हणूनच मी या कामात टिकले, आणि तुलाही हे काम मानवेल असं मनापासून वाटतं.

काशाच्या पाच खेपा झाल्या की एक कामगिरी अवश्य कर. तिचं नाव ‘द नाइट्स स्वोर्ड’. फॅलडॉरच्या किल्ल्याच्या अंगणात एक शिलेदार पोरगा हवालदिल होऊन उभा असतो. त्याच्या हातून धन्याची तलवार हरवलेली असते. ती घडवणारे इमकँडो वंशाचे बुटके जवळजवळ संपलेत. वॅरॉकच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात रेल्डो आहे, तो तुला सांगेल की त्या बुटक्यांना रेडबेरी पाय जीव की प्राण. ती घेऊन पोर्ट सरिमच्या दक्षिणेला थर्गो नावाच्या इमकँडो बुटक्याकडे जायचं. त्याला तलवारीचं चित्र हवं असतं, ते त्या धन्याच्या, म्हणजे सर विव्हिनच्या कपाटातून त्याची नजर चुकवून काढावं लागतं. मग ब्लूराइटचं एक खनिज आणि लोखंडाच्या दोन लगडी दिल्या की थर्गो तलवार घडवून देतो. ब्लूराइट बर्फाच्या गुहेत आत खोलवर आहे, तिथे हिमराक्षस आणि हिमयोद्धे अंगावर येतात. त्यांच्याशी लढत बसू नकोस. खायला भरपूर घे, धावत जा, दगड फोड, धावत बाहेर ये. खाणकामाची १० लेव्हल लागते, ती तुझी तोवर झालेली असेल. लोखंडाच्या दोन लगडींची चिंता नको, त्या मी देईन.

या एका कामगिरीचे लोहारकामाचे १२,७२५ एक्सपी मिळतात. शून्यावरून गेलीस तरी थेट २९ लेव्हल! बरेच जण म्हणतात की मग काशाला हात कशाला लावायचा, पहिल्याच दिवशी ही कामगिरी उरकून टाकावी. हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. मला पटत नाही ते एवढ्यासाठीच की २९ लेव्हलच्या लोहाराला लगड कशी ओततात हेच ठाऊक नसेल तर ती लेव्हल उसनीच म्हणायची. आधी पाच खेपा, मग थर्गो.

आता माझी चूक सांगते. मी ही कामगिरी फार उशिरा केली आणि मधला सगळा काळ लोखंडावर घालवला. लोखंड वितळवायला १५ लेव्हल पुरते, पण साध्या भट्टीत निम्म्या वेळा खनिज जळून जातं. २८ खनिजं घातली की कशीबशी चौदाएक लगडी निघतात. मी तेव्हा साठवलेला सगळा पैसा खनिजावर लावला होता. भट्टीपाशी उभी राहून एकेक खनिज फुकट जाताना बघत होते, आणि ‘पुढची निघेल, पुढची निघेल’ म्हणत थांबतही नव्हते. अर्धा माल गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की माणकाच्या अंगठीवर मंत्र टाकला की ‘रिंग ऑफ फोर्जिंग’ होते, ती बोटात असली की १४० लगडी एकही वाया न जाता निघतात, मग ती विरघळून जाते. जादूची ४३ लेव्हल असेल तर सुपरहीट मंत्रानेही लोखंड जळत नाही. तेव्हा लोखंड ओतायचं तर अंगठी घालूनच. आणि ३० लेव्हल झाली की पोलादाकडे वळ: एक लोखंड, दोन कोळसा, एकही नग जळत नाही. ९ लोखंड आणि १८ कोळसा अशी पिशवी भरायची. जे लोखंड एकटं असताना निम्मं वाया जातं, ते कोळशाची सोबत मिळाली की कधीच दगा देत नाही.

पुढच्या धातूंपैकी मिथ्रिलला ५० लेव्हल आणि चार कोळसे, अ‍ॅडमंटाइटला ७० आणि सहा, रूनाइटला ८५ आणि आठ. तेवढं नंतर बघू.

पैशाचं मात्र आताच समजून घे, कारण यातच सगळे पोळतात. ४८ लेव्हलला पोलादाची प्लेटबॉडी घडवता येते. ती जमायला लागली तेव्हा मला वाटलं, आता आपलं दुकान चाललं. ग्रँड एक्सचेंज या खेळाडूंच्या बाजारातून लगडी घेतल्या, दिवसभर चिलखतं ठोकली आणि विकायला ठेवली. एका चिलखताला त्यातल्या पाच लगडींपेक्षा कमी भाव! शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. कारण साधं आहे. हजारो लोक लेव्हल वाढवायला म्हणून चिलखतं ठोकतात आणि मिळेल त्या भावाला विकून टाकतात. त्यांना एक्सपी हवे असतात, वस्तू नको असते. घालणारा माणूस एक चिलखत घेतो आणि पुढच्या धातूकडे जातो. माल अफाट, गिऱ्हाईक थोडं.

मग लोहार जगतो कशावर? जे वापरून संपतं त्यावर. अंगठी घालून ओतलेल्या लोखंडाच्या लगडी खपतात, कारण भट्टीपाशी ताटकळत उभं राहायचा बऱ्याच जणांना वैताग असतो. पोलादाच्या लगडींना मागणी असते, कारण पैसे भरून सदस्यत्व घेतलेले लोक त्यांचे तोफगोळे पाडतात. एका लगडीचे चार, ३५ लेव्हलला, ‘ड्वार्फ कॅनन’ ही कामगिरी केलेली असली की. गोळे डागले की संपतात आणि पुन्हा लागतात. खिळ्यांचंही तेच. एका लगडीचे १५ खिळे निघतात आणि घर बांधणाऱ्यांच्या हातून ते सतत मोडतात. एक हजार लगडी ओतायच्या आधी शंभर ओत आणि विकून बघ. खनिजाचा, कोळशाचा आणि लगडीचा भाव रोज हलतो. कालच्या भावावर आज पैसे लावू नकोस.

ही गोष्ट आठवली की अजूनही जीव तुटतो: माझा मिथ्रिलचा अख्खा संच गेला. शिरस्त्राण, चिलखत, पायांचं कवच, ढाल, सगळं स्वतः घडवलेलं. वॅरॉकच्या बँकेपाशी एक अनोळखी खेळाडू म्हणाला, ‘तुझ्या चिलखताला सोनेरी काठ लावून देतो, फुकट.’ मला वाटलं, मोठ्या लेव्हलच्या लोहाराला येत असेल. दिलं, आणि तो नाहीसा झाला. अनघा, नीट लक्षात ठेव. काठ लावलेलं, म्हणजे ‘ट्रिम’ केलेलं चिलखत कुठल्याही लोहाराला करता येत नाही, ९९ लेव्हलच्यासुद्धा नाही. ते ट्रेझर ट्रेल्सच्या कोड्यांच्या बक्षिसातूनच बाहेर येतं. आपलं काम आपल्याला पुरतं ठाऊक असेल तर असा माणूस आपल्याला फसवू शकत नाही. मला ते ठाऊक नव्हतं. तू आता ओळखशील, आणि शेजारच्या नवख्या पोरालाही सांगशील.

सदस्यत्वाचा विचार लगेच करू नकोस, पण दोन ठिकाणांसाठी ते घ्यावंसं वाटेल. एक, बुटक्यांच्या केल्डाग्रिम शहरातली ब्लास्ट फर्नेस ही भट्टी. तिथे कोळसा निम्माच लागतो, पोलादाला एकाच कोळशात भागतं. दुसरं ठिकाण माझं आवडतं, जायंट्स फाउंड्री, २०२२ साली आलेली. कोव्हॅक नावाच्या राक्षसासाठी तिथे माणसाहून मोठ्या तलवारी घडवायच्या असतात. २८ लगडींचा माल कढईत टाकायचा, शक्यतो दोन धातू मिसळून, आणि साच्यात ओतायचा. मग खरं काम सुरू होतं. लालभडक असताना यांत्रिक घणाखाली, मध्यम तापला की सहाणेवर, निवत आला की चकाकीच्या चाकावर. घणाखाली आणि चाकावर तो निवतो, सहाणेवर उलट तापतो. थंड पडला तर लाव्हात बुडवायचा, जास्त तापला तर धबधब्याखाली धरायचा. ताप चुकला की तलवारीचा दर्जा उतरतो. डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. नुसतं बटण दाबून हे होत नाही, आणि लोहारकाम म्हणजे ताप ओळखणं हे मला तिथेच कळलं. १५ लेव्हललाही जाता येतं, त्यामुळे ‘मी अजून नवखी आहे’ म्हणून मागे राहू नकोस. आधी ‘स्लीपिंग जायंट्स’ ही कामगिरी करावी लागते, ती छोटीच आहे.

९९ लेव्हलबद्दल लोक फार बोलतात. तिला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात, आणि ९२ लेव्हलला जेमतेम निम्मा रस्ता झालेला असतो. रूनाइटची, म्हणजे ‘रून’ प्लेटबॉडी ९९ झाल्यावरच, अगदी शेवटच्या लेव्हलला घडवता येते. मी सध्या ७३ वर आहे. मला घाई नाही, तूही लावून घेऊ नकोस.

शनिवारी संध्याकाळी मी वॅरॉकच्या पश्चिमेच्या ऐरणीपाशी असेन, फुकट खेळायच्या वर्ल्डमध्ये (सर्व्हरवर). कुठल्या ते तुला आदल्या दिवशी कळवते. तू काशाच्या २७ लगडी घेऊन ये. हातोडा विसरू नकोस, मी एकदा अख्खा रस्ता चालून आल्यावर पिशवीत बघितलं तर नव्हता. तुझा पहिला खंजीर मला बघायचाय. तो विकू नकोस.

तुझी,
मृणाल

ता. क. थर्गोसाठीच्या त्या दोन लोखंडाच्या लगडी मी वेगळ्या काढून ठेवल्यात. रेडबेरी पाय मात्र तूच मिळव. स्वयंपाकाची १० लेव्हल झाली की स्वतः भाजता येते, आणि तुझ्या हातची असेल तर थर्गोलाही बरं वाटेल.