शटर अर्धं ओढून थांबलेल्या मुलीस

प्रिय मुली,

"काकू, माझं नाव नका हं टाकू कुठे, नाहीतर सगळं लालबाग जुने लॅपटॉप घेऊन दारात उभं राहील," असं तू बजावलं होतंस. नाव टाकत नाही. पण तोंडावर आभार मानले तेव्हा तू "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावलेस, ते काही मला पटलेलं नाही. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

आधी बाकीच्यांचं सांगू दे. त्याशिवाय लोकांना तुझं मोल कळायचं नाही.

हा लॅपटॉप माझ्या मुलाचा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. तो नोकरीला लागला, त्याने नवीन घेतला आणि हा माझ्याकडे आला. निवृत्तीनंतर चाळीतल्या लोकांचे अर्ज, पत्रं, सोसायटीचे ठराव असं सगळं मी यावरच टाइप करते. की-बोर्ड ठणठणीत, स्क्रीन स्वच्छ. फक्त विंडोज १० इतकं जड झालं होतं की बटण दाबून चहा टाकावा, गाळावा, पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायचा. शिवाय चालू केला की तारीख थेट १ जानेवारी २०११, आणि कुठलीही साइट उघडली की "सुरक्षित नाही" म्हणून लाल पाटी. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती या जुन्या मशिनमध्ये कुठून असणार?

लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. तिथल्या एका दुकानदाराने झाकणसुद्धा उघडलं नाही. "मावशी, भंगार आहे. एक्स्चेंजमध्ये पाचशे देतो, नवा घ्या." दुसऱ्याने लाल पाटी पाहून "व्हायरस आहे" असं ठोकून दिलं आणि अँटिव्हायरसची सीडी पुढे केली. सीडी! भाच्याला फोन केला, तर म्हणाला, "फॉरमॅट मारतो मावशी, दहा मिनिटांचं काम." तो आलाच नाही. देवाची कृपा म्हणायची, ते का ते पुढे सांगते.

मग मीच वाचून-विचारून विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट घ्यायचं ठरवलं. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती जुन्या मशिनवर बरी चालते, दोन जीबी रॅमवरही भागतं म्हणे. पेनड्राइव्ह तयार केला, मशिन त्यावरून सुरूही झालं. झरझर! पण वाय-फाय दिसेना. ओळखीतल्या एका लिनक्सवाल्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर बराच वेळ व्याख्यान दिलं आणि शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, टाकायची एक ओळ पाठवली. ती ओळ वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय चालवणारा छोटा प्रोग्रॅम, इंटरनेटवरून उतरवून घेणारी होती. म्हटलं, अहो, इंटरनेटच नाही म्हणून तर विचारतेय. यावर उत्तर आलं, "आधी थोडं वाचत चला." चाळीस वर्षं पालिकेच्या फायली वाचल्यात मी. वाचायचं मला नका शिकवू.

आणि मग तुझं दुकान. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा, मोबाइलची कव्हरं टांगलेली, आत तू आणि तुझे बाबा. खरं सांगायचं तर मी झेरॉक्स विचारायला थांबले होते.

तू तारीख बघितलीस आणि मागचं झाकण उघडून बटणाएवढा चपटा सेल काढून दाखवलास, सीआर २०३२. तो मेला की मशिनला तारीख आठवत नाही. साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. आपलं मशिन बसलंय २०११ मध्ये, त्याच्या हिशेबाने ती प्रमाणपत्रं अजून निघायचीच आहेत, म्हणून लाल पाटी. कसला व्हायरस नि कसलं काय. वाय-फायसाठी तू तुझा फोन वायरने जोडलास, फोनच्या नेटवरून ड्रायव्हर उतरवलास, झालं. हे सगळं मला कळेल असं बोललीस, आणि "सोपं आहे" असं एकदाही म्हणाली नाहीस. (माझ्या अनुभवात, "सोपं आहे" म्हणणारा माणूस पुढच्या दोन मिनिटांत चिडतो.)

पण हे पत्र त्याबद्दल नाही. सेल काय, कुणीही बदलला असता.

इन्स्टॉल करताना ती ओळ आली ना, डिस्क पूर्ण पुसून लिनक्स टाकायची, तिथे तू माउसवरचा हात काढलास. माझ्याकडे वळून विचारलंस, "काकू, यातलं काय गेलेलं चालणार नाही?"

भंगार म्हणणाऱ्याने हे विचारलं नव्हतं. फॉरमॅट मारणाऱ्याने नव्हतं. स्वातंत्र्यवाल्यानेही नव्हतं.

मी म्हटलं, एक फोल्डर आहे, 'बाबा' नावाचा. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर माणूस हजेरीपटावर होता हे दाखवावं लागतं. त्यासाठी त्यांचं गिरणीतलं नंबरचं तिकीट, हजेरी कार्ड, फंडाचा उतारा, सगळं मी स्कॅन करून ठेवलेलं. मूळ कागदांची पुढे वाळवीने चाळण केली. आमचेच नाहीत, मजल्यावरच्या आणखी काही घरांचे कागद त्याच फोल्डरमध्ये आहेत. त्यातल्या एक आजी अजून दर महिन्याला विचारतात, "माझं आहे ना गं तुझ्याकडे?"

तू ते ऐकून घेतलंस. फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलास. एवढ्यावर थांबली असतीस तरी मी हात जोडले असते. पण तू तो पेनड्राइव्ह दुकानाच्या कॉम्प्युटरला लावलास, एकेक स्कॅन उघडलंस, बाबांचं तिकीट मोठं केलंस आणि म्हणालीस, "नंबर वाचून दाखवा." मी वाचला. मग पेनड्राइव्ह माझ्या हातात दिलास. "आधी हा घरी ठेवून या. मग पुसू."

मी म्हटलं, अगं पर्समध्ये टाकते की. तू म्हणालीस, "नको काकू, घरीच ठेवून या. मी थांबते."

रात्रीचे नऊ वाजून गेलेले. तुझे बाबा जेवायला गेले होते, तुझ्या घरून फोन येत होता. मी जिने चढून कपाटाच्या लॉकरमध्ये पेनड्राइव्ह ठेवला, कुलूप लावलं, पुन्हा खाली आले. माझे गुडघे तुला माहीत आहेत, काही लवकर नाही झालं ते. तू शटर अर्धं ओढून आत बसली होतीस. स्क्रीन जशीच्या तशी, बाण त्याच जागी. मला खुर्ची दिलीस आणि म्हणालीस, "आता तुम्ही दाबा."

कुणी म्हणेल, यात काय विशेष, धंदा करणाऱ्याने काळजी घ्यायचीच असते. बरोबर आहे. घ्यायचीच असते. किती जण घेतात ते मी पाहून आले. मदत करणारे खूप भेटतात, आणि बहुतेकांना मदतीपेक्षा आपलं ज्ञान दाखवायची घाई असते. बँकेत पासबुक ओढून घेतात, दवाखान्यात वाक्य संपायच्या आत चिठ्ठी लिहून देतात. समोरच्याचं काय पणाला लागलंय हे विचारायला अर्धं मिनिट लागतं, पैसे पडत नाहीत, तरी ते राहून जातं. तुझ्या वयाच्या मुलीला हे कुणी शिकवलं? तुझ्या आईला भेटायचंय मला एकदा.

इन्स्टॉल होत असताना तू सांगितलंस की हे लिनक्स १९९१ साली हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने सुरू केलं, लिनस टोरवाल्ड्स त्याचं नाव, आणि आता जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात. त्या सगळ्यांचेही आभार. पण रात्री नऊनंतर लालबागमध्ये शटर धरून ते बसले नव्हते.

आता खबरबात. मशिन चहा टाकायच्या आत उघडतं. मराठी इन्स्क्रिप्ट की-बोर्ड, म्हणजे मराठी अक्षरांची मांडणी, त्यात आधीपासूनच होता, फक्त चालू करावा लागला. 'दुसऱ्या मजल्यावरच्या' मधला तो ऱ शिफ्ट धरून जे दाबला की बरोब्बर येतो. पवईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' हे शिकवणीचे व्हिडिओ तू सुचवलेस, ते मराठीत आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. लिबरऑफिस या लिखापढीच्या प्रोग्रॅमचे बघून तक्ते करायला लागलेय. आजींचा अर्ज परवा यावरच टाइप केला.

सेलच्या किमतीवर तू एक रुपया घेतला नाहीस, त्याचं भांडण बाकी आहे. शुक्रवारी पुरणपोळ्या पाठवते, त्या परत पाठवायच्या नाहीत.

आणि एक अडचण आहे. झाकण मिटून पुन्हा उघडलं की कधीकधी स्क्रीन काळीच राहते, बटण दाबून बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. घाई नाही. आणि समोरच्या खोलीतल्या वहिनींकडे याहून जुना कॉम्प्युटर आहे, त्यांना तुझ्याकडे पाठवू का? काय गेलेलं चालणार नाही याची यादी त्यांच्याकडून आधीच करून घेतलीय. रविवारी दुकान उघडं असतं का, तेवढं कळव.

तुझी,
दुसऱ्या मजल्यावरची काकू