भिंतीमागच्या भरावाची घनता मोजली जावी

संपादक महोदय,

गेल्या पावसाळ्यानंतर सोलापुरातील आमच्या वसाहतीच्या मागील दहा फुटी संरक्षक भिंतीला ओळंबा लावून पाहिला, तेव्हा तिचा माथा पायापेक्षा दीड इंच पुढे आलेला आढळला. कामात सिमेंट कमी पडले असावे, असे बहुतेक रहिवाशांचे म्हणणे होते. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना मी बरीच वर्षे मृदायांत्रिकी, म्हणजे मातीच्या ताकदीचे शास्त्र, शिकवली असल्याने आराखड्याचे कागद मागवून घेतले आणि माझे मत वेगळे झाले. माझ्या मते चूक भिंतीमागे भरलेल्या क्रश सँडसाठी (दगड फोडून केलेल्या वाळूसाठी) गणितात धरलेल्या एका आकड्यात आहे.

आराखड्याच्या कागदांतील तपासणी अहवालात या भरावाचा घर्षणकोन ४० अंश दिला आहे. हा कोन जितका मोठा, तितका वाळूचा सरकण्याला विरोध जास्त आणि भिंतीवरचा दाब कमी. तो आकडा खोटा नाही. सहा सेंटिमीटरच्या चौकोनी पेटीत नमुना ठोकून भरला आणि पेटीचा एक अर्धा भाग दुसऱ्यावरून सरकवला, तर कोनदार कणांची क्रश सँड तेवढा कोन दाखवू शकते. प्रत्यक्ष जागेवर मात्र टिपर वरून ओतले जात होते, मजुराचा पाय त्या भरावात घोट्याच्या वर रुतत होता आणि धुम्मस कोणी मारल्याचे मी पाहिले नाही. म्हणजे तपासली गेली घट्ट वाळू आणि भरली गेली सैल वाळू.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे पंढरपूरच्या वाळवंटात चंद्रभागेच्या कडेने अनवाणी चालणाऱ्याला कळू शकते. ओल्या वाळूवर पाऊल दाबले की त्याभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. घट्ट बसलेल्या कणांना सरकण्यासाठी एकमेकांवर चढावे लागते, मधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचे पाणी आत ओढले जाते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये या गुणाचे वर्णन केले. या चढण्यामुळेच घट्ट वाळूची ताकद सुरुवातीला जास्त भरते, पण वाळू आणखी सरकत गेली की ती उतरते. सैल वाळू उलट आक्रसते आणि तिला हा सुरुवातीचा चढा जोर मिळतच नाही. पुरेसे सरकल्यावर दोन्ही एकाच अवस्थेला येतात, हे केंब्रिजच्या रॉस्को, स्कोफिल्ड आणि रॉथ यांनी १९५८ मध्ये गणिताच्या चौकटीत बसवले.

फ्रेंच अभियंते कुलोम यांनी १७७३ मध्ये मांडलेले भिंतीवरील दाबाचे गणित आजही उपयोगी आहे आणि मी त्याचा आदर करतो. मात्र त्यात घर्षणकोन हा वाळूचा कायमचा गुण म्हणून धरला जातो, घनतेला त्यात जागा नाही. ४० अंशांऐवजी सैल वाळूचा ३२ अंश कोन घेतला, तर दाबाचा गुणांक, म्हणजे वाळूच्या उभ्या दाबाचा जो भाग भिंतीवर आडवा येतो तो, ०.२२ वरून ०.३१ वर जातो, म्हणजे भिंतीवरील रेटा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. त्यात पाणी जाण्याची भोके बुजलेली असतील, तर साचलेल्या पाण्याचा दाब वेगळाच.

एकेक कण मोजून त्यांच्या टकरींचे गणित करण्याची पद्धत कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये दिली. अर्धा मिलिमीटरचे कण धरले, तर एका ब्रासमध्येच (शंभर घनफुटांत) ते अडीच हजार कोटींच्या वर भरतात, त्यामुळे रोजच्या आराखड्यासाठी ही पद्धत परवडणारी नाही. घनतेची दखल घेणारे सोपे गणिती प्रतिमान (मॉडेल) वापरणे मात्र अवघड नाही, आणि त्याला लागणारा घनतेचा आकडा जागेवरच मिळतो. जमिनीत छोटा खड्डा करून त्यातला माल तोलायचा, मग प्रमाणित वाळू ओतून खड्ड्याचे आकारमान काढायचे, अशी ही जुनी चाचणी आहे आणि तिला फारसे साहित्य लागत नाही.

म्हणून माझी महापालिकेच्या अभियंत्यांना विनंती आहे की, संरक्षक भिंतीचा आराखडा मंजूर करताना नमुना कोणत्या घनतेला तपासला, हे अहवालात लिहिणे सक्तीचे करावे, सर्वोच्च कोनाबरोबर पुरेसे सरकल्यानंतरचा कोनही मागावा आणि भराव चालू असताना दर थराची घनता जागेवर मोजून घ्यावी. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळेत स्थानिक क्रश सँडचे असे आकडे काढून सर्वांसाठी खुले ठेवले, तर गवंडी आणि ठेकेदारांनाही ते हाताशी राहतील. आमच्या भिंतीचा ओळंबा मी दर महिन्याला घेत आहे आणि त्याच्या नोंदी मागेल त्या अभियंत्याला देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर