चेंबूरच्या काकांना, एका डावरीकडून

काका, नमस्कार.

परवा गाळ्यावर आले तेव्हा तुमचे आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही "चहा घेणार का ताई?" म्हणून विषयच बदललात. गेले चार महिने असंच चाललंय. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचा पुतण्या मोबाइलवरून तुम्हाला वाचून दाखवणार आहे. मध्येच उठून जाऊ नका.

जुलैमधली ती दुपार तुमच्या लक्षात असेल-नसेल, माझ्या मनातून जात नाही. बाहेर धो धो पाऊस, तुमच्या उंबऱ्यातून पाणी आत आलेलं आणि माझ्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेला सात नंबर, म्हणजे गोल्फचा एक क्लब, चेंडू मारायची काठी. मी फक्त ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, बदलायला आले होते. क्लब हातात फिरतो, घामाने सटकतो, ग्रिपच खराब असणार, अशी माझी समजूत. तुम्ही क्लब घेतलात, ग्रिपवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "ग्रिप नवीनच आहे की. जरा धरून दाखवा." मी धरून दाखवला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. कोपऱ्यातला खराटा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ताई, तेवढं पाणी बाहेर लोटता का?"

मला वाटलं, वय झालंय, कंबर दुखत असेल, मदत हवी असेल. मी पदर खोचला आणि पाणी लोटायला लागले. चार-पाच हात मारले असतील, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा. आता हात कुठे आहेत बघा." डावा हात खाली होता, उजवा वर. "आता हात बदला आणि लोटा." बदलले, तर खराटा जणू दुसऱ्याच कुणाच्या हातात होता. पाणी जायचं एकीकडे आणि मी लोटायचे दुसरीकडे. "हा क्लब तुमचा नाही, ताई," तुम्ही म्हणालात. "ग्रिप बदलून काही होणार नाही."

काका, हे वाक्य मला चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. लहानपणापासून मी उलटंच ऐकत आले. प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी मनगट धरून मागे करायची. जेवताना डाव्या हातावर चापट बसायची. आजी माझ्यावर फार माया करायची, तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण डावा हात म्हणजे लपवायची गोष्ट हे माझ्या अंगात तेव्हाच मुरलं. लिहिणं तेवढं डाव्या हाताचं राहिलं, कारण पहिलीच्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवून सांगितलं होतं की हिला लिहू दे. म्हणून आजही मी जेवते उजव्याने, लिहिते डाव्याने, सुई डाव्याने आणि कात्री उजव्याने, कारण घरात डावी कात्री नव्हतीच.

त्यामुळे जिथे गोल्फ शिकायला सुरुवात केली तिथे "आमच्याकडे उजवेच क्लब आहेत, उजव्याने शिका" असं सांगितल्यावर मी मान डोलावली. सहा तास शिकले. चेंडू क्लबच्या टोकाला लागायचा नाहीतर मॅटच खरवडली जायची. मग स्वतःचा क्लब घ्यावा म्हणून एका दुकानात गेले. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, डावऱ्यांचं येत नाही. आणि डावरा माणूस उजव्याने खेळला तर उलट फायदाच होतो, कारण पुढचा हात जास्त ताकदीचा असतो." मी विश्वास ठेवला. सात नंबर घेऊन घरी आले.

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही त्या मुलाला खोटं ठरवलं नाहीत, हे मला फार आवडलं. "तो म्हणतो त्यात तथ्य आहे," तुम्ही म्हणालात, आणि बॉब चार्ल्सचं नाव घेतलंत. न्यूझीलंडचा हा खेळाडू बाकी कामं उजव्या हाताने करतो, पण गोल्फ डाव्या बाजूने खेळायचा आणि 1963 साली ब्रिटिश ओपन जिंकून मोठी स्पर्धा जिंकणारा पहिला डावखुरा ठरला. पुढचा डावखुरा विजेता यायला 40 वर्षं लागली, 2003 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेतला कॅनडाचा माइक वीर. त्याच्या पुढच्याच वर्षी फिल मिकल्सन, आणि तोही एरवी उजवाच. मग तुम्ही क्रिकेटवर आलात. सचिन सही करतो डाव्या हाताने, बॅट धरतो उजव्याची. गांगुली नेमका उलट. "म्हणून लिहिता कुठल्या हाताने हे मी विचारलंच नाही. एका हाताची कामं सोडा. दोन्ही हातांनी करायचं काम शरीर कसं करतं, ते बघायचं. खराटा, कुदळ, बॅट. खाली कुठला हात जातो, ते खरं."

जे माहीत नाही ते माणसाच्या शरीराला विचारायचं आणि मग दुकानात जायचं, हा क्रम तुम्ही मला दाखवलात. सगळ्या डावऱ्यांनी डावेच क्लब घ्यावेत असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मीही म्हणत नाही. पण दुकानात काय शिल्लक आहे त्यावरून कुणाचा हात ठरू नये, हे मी ठामपणे म्हणते.

त्यानंतर तुम्ही सहा आठवडे माझ्यासाठी शोधत होतात. बायकांच्या मापाचे डावे क्लब मिळणं किती कठीण असतं, ते मला तेव्हा कळलं. डावे मुळातच कमी, त्यात बायकांचे आणखी कमी. मला वाटलं, पुरुषांचा डावा सेट घेऊन कापून घेऊ. तुम्ही शिंप्याचा टेप काढलात, मला सपाट चपलेवर ताठ उभं केलंत, हात सैल सोडायला सांगितलेत आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजलंत. साडेतीस इंच. म्हणालात, "अर्धा इंच कापला तर चालतो. दोन इंच कापला तर शाफ्ट, म्हणजे दांडा, ताठ होतो आणि क्लबचं डोकं हलकं लागतं. मग तुम्ही जोर लावणार आणि खांदा दुखवून घेणार." पोलादी शाफ्टचा एक आणि ग्रॅफाइटचा एक असे दोन क्लब माझ्या दोन हातांत दिलेत. एकदा तोलून पाहिल्यावर सांगायची गरज उरली नाही. माझ्यासारखा क्लब हळू फिरवणाऱ्या माणसाला मऊ, हलका शाफ्ट हवा. वयस्कांसाठीचा सीनियर म्हणून विकतात तो चालतो, त्यात कमीपणा काही नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

शेवटी एक हाफ सेट मिळाला, जुना पण जपून वापरलेला. लांब फटक्यासाठी एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबर, जवळच्या उंच फटक्यांसाठी पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि चेंडू भोकात ढकलायला पटर. सहाच काठ्या. बॅगेत 14 पर्यंत ठेवायला नियमाची परवानगी आहे, पण तुम्ही म्हणालात, "आम्ही पोरं एका सात नंबरावर शिकलो. साहेबांचा टाकून दिलेला, वाकडा. सहा म्हणजे श्रीमंती." ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, मी मागितला तेव्हा तुम्ही साफ नाही म्हणालात. लांब शाफ्ट, सरळ चेहरा (चेंडूला लागणारी बाजू), नवख्याच्या हातात चेंडू बाजूलाच पळतो. हायब्रिड हवेत उचलायला आला की मग बघू.

आणि तो सेट विकत घेण्याआधी तुम्ही जे तपासलंत, ते मी वहीत लिहून ठेवलंय. क्लब पुढ्यात टेकवला की त्याचा चेहरा माझ्या उजवीकडे बघायला हवा, तरच तो डावा. आयर्नच्या, म्हणजे सात-नऊसारख्या नंबरी क्लबच्या, पाठीला खोबण आहे ना ते बघायचं. वजन कडेकडेने वाटलेलं असलं की चेंडू मधोमध नाही लागला तरी फार दगा देत नाही. गुळगुळीत भरीव पाठीचे दिसायला देखणे असतात, पण ते मुरलेल्या हातांसाठी. शाफ्ट जिथे डोक्यात शिरतो तिथे गंज आहे का, ग्रॅफाइटवर केसाएवढा तडा आहे का, हे तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून खिडकीच्या उजेडात, प्रत्येक काठी गोल गोल फिरवत पाहिलंत. नऊ नंबरच्या शाफ्टवर एक ओरखडा होता. त्यावरून नख फिरवून तुम्ही डोळे मिटलेत, पुन्हा फिरवलंत, मग म्हणालात, "रंगच गेलाय. काठी धड आहे."

ग्रिप बदलतानाचे तुमचे हात मला अजून दिसतात. पात्याची धार अंगापासून लांब धरून जुनी ग्रिप उभी चिरलीत, ती सापाच्या कातीसारखी सोलून आली. खालची चिकटपट्टी खरवडलीत, नवी दुहेरी पट्टी गुंडाळलीत, ग्रिपच्या भोकावर अंगठा दाबून आत थिनर ओतलंत, हलवलंत, तेच पट्टीवर ओतलंत आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सारलीत. गाळाभर थिनरचा वास. मग ओल्या ग्रिपवर माझा उजवा हात ठेवायला लावलात, कारण डावऱ्याचा वरचा हात उजवा. मधल्या दोन बोटांची टोकं अंगठ्याच्या उंचवट्याला जेमतेम टेकतात का, ते पाहिलंत. टेकली. ग्लव्हही त्याच हातात घालायचा. मी दुकानातून डाव्या हाताचा आणला होता, डावऱ्यांचा तोच असणार या समजुतीने. तुम्ही हसला नाहीत, फक्त म्हणालात, "सगळे डावरे पहिल्यांदा हाच आणतात."

मग पहिल्या दिवशी रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, आलात, सुट्टी नसताना. मला डावीकडच्या शेवटच्या मॅटवर उभं केलंत, म्हणजे माझं तोंड मोकळ्या बाजूला राहील आणि शेजारच्या उजव्या खेळाडूशी नजरानजर होऊन मी बिचकणार नाही. क्लबच्या चेहऱ्यावर पायाला लावायची पावडर भुरभुरवलीत. प्रत्येक फटक्यानंतर पावडरीत उमटलेला चेंडूचा गोल दाखवलात. आधी टोकाशी, मग जरा आत, मग अठराव्या की विसाव्या चेंडूला अगदी मधोमध. तो आवाज वेगळा होता, काका. हाताला काही लागलंच नाही. चेंडू वर गेला आणि मी तिथेच उभी राहून रडले. तुम्ही दुसरीकडे बघत बादलीतला पुढचा चेंडू काढून ठेवलात.

शिकवायची तुमची पद्धत तर मला कुठेच मिळाली नसती. व्हिडिओ सगळे उजव्यांचे, डोक्यात उलटे करता करता मी दमून जायचे. तुम्ही स्वतः उजवे. तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "आरशात बघताय असं समजा. मी करतो तसं करा." बस्स. खांदा, कंबर, मनगट, सगळं आपोआप जागेवर आलं. मिकल्सन लहानपणी वडिलांसमोर उभा राहून, त्यांचा आरसा होऊनच शिकला, म्हणून उजवा असूनही डावा खेळला. तुम्हाला ते माहीत होतं की तुम्हाला आपलं आपण सुचलं, ते मी विचारलं नाही.

तुम्ही एकदा अली शेरबद्दल बोललात, 1991 ची इंडियन ओपन जिंकणारा, मूळचा कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणारा. ते सांगताना तुमचा आवाज बदलला होता. चेंबूरच्या मैदानावर लहान वयात दुसऱ्यांच्या बॅगा उचलायला लागलेल्या तुमच्यासारख्या माणसाला हा खेळ किती कळतो, हे त्या बॅगांच्या मालकांना ठाऊक असेल का, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला. मला ठाऊक आहे, एवढंच इथे लिहून ठेवते.

ग्रिपांचे पैसे तुम्ही घेतलेत, सेट शोधण्याचे घेतले नाहीत. मोजमापाचे, रेंजवरच्या त्या सकाळचे, आरसा होऊन उभं राहण्याचे, कशाचेच नाहीत. हार्बर लाइनच्या बायकांच्या डब्यात मी आता ती बॅग घेऊन चढते. कुर्ल्याला गर्दी झाली की कुणीतरी विचारतंच, "ताई, त्यात काय आहे?" मी सांगते. डाव्या हाताचे आहेत, हेही सांगते.

रविवारी सँड वेजची ग्रिप बदलायला येते आहे. आमच्या इमारतीतली एक नऊ वर्षांची मुलगीही सोबत येईल. चित्रं डाव्या हाताने काढते, जेवायला बसली की आई हात बदलायला लावते, आणि माझी बॅग दिसली की तिथून हलत नाही. तिला कुठल्या बाजूचा क्लब लागेल ते मला सांगता येत नाही. चहा मी आणीन. तुम्ही फक्त खराटा दाराशी काढून ठेवा.

तुमची,
वडाळ्याची ताई