सुदेश, आर्याच्या पोटगीबद्दल

डिचोली

प्रिय सुदेश,

तुझा निरोप वाचला. महिन्याला पाच हजार देतो, विषय मिटवा, असं वकिलांना सांगायला तू मला लिहिलंस. मेघनावहिनी शिक्षिका, त्यांना पगार आहे, मग भार माझ्यावरच का, हा तुझा राग. शाळेपासून तुला ओळखतो म्हणून सरळ लिहितो: हा आकडा मला पटत नाही. भांडण तुम्हा नवराबायकोचं आहे, तुमच्या लेकीचं, आर्याचं, नाही.

'पगाराचा पाव हिस्सा' हे तुझ्या मामांचं गणित आधी सोड. ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालावरून पसरलंय आणि तो निकाल बायकोच्या पोटगीचा होता. मुलांसाठी कायद्यात ठरावीक टक्का नाहीच. कोर्ट मुलीचा खर्च बघतं: फी, ट्यूशन, औषधपाणी, कपडे, भाड्यातला तिचा वाटा, आणि तुम्ही एकत्र असताना ती कशी राहत होती तेही. मग दोघांची मिळकत. वहिनींचा पगार धरतातच, तुझं तेवढं म्हणणं बरोबर आहे. पद्मजा शर्मा खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आईबाप दोघे कमावते असतील तर दोघांनी मिळकतीच्या प्रमाणात भार उचलावा. आता तूच मांड. आर्याला वीस हजार लागतात आणि तुझी मिळकत वहिनींच्या तिप्पट आहे असं धर. तुझ्या वाट्याला पंधरा येतात. पाच कुठून आणलेस?

जहाजावर नसतोस ते महिने दाखवून उत्पन्न कमी सांगायचं, हाही मामांचाच सल्ला ना? तसलं काही करू नकोस. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोघांनाही पगार, ठेवी, कर्जं, सगळं प्रतिज्ञापत्रावर मांडावं लागतं. तुझं काम कंत्राटी, म्हणून अख्ख्या वर्षाची मिळकत लिही आणि बारांनी भाग. गाडीचा हप्ता त्यातून आधी वजा होईल, या भरवशावर राहू नकोस. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागते, म्हणजे तारखा लांबवूनही तुझं काही वाचत नाही.

फोंड्याच्या फ्लॅटचं वेगळं. गोव्यात हिंदू विवाह कायदा नाही, आपल्याकडे पोर्तुगीज काळातली नागरी संहिता. लग्नाआधी वेगळा करार तुम्ही केलेला नाही, तेव्हा अर्धा वाटा वहिनींचाच. 'फ्लॅट दिला' म्हणून आर्याचे पैसे कापता येणार नाहीत. आणि वहिनींनी संतापून 'तुमचा पैसा नको' असं लिहून दिलं, तरी आर्याचा हक्क सुटत नाही. तो तिचा आहे, आईने सोडून देण्यासारखा नाही.

तिला भेटण्याची बोलणी पैशांशी जोडू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. दर रविवारी फोन कर, कोर्टाचं काही का होईना. चवथीला घरी आलास की वहिनींना विचारून तिला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधायला घेऊन ये.

कंत्राटाची प्रत, वर्षभराच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट लगेच पाठव, मी वकिलांकडे नेऊन देतो. आदेशाची वाट न बघता या महिन्यापासूनच पैसे पाठवायला लाग. बँकेतूनच पाठव, म्हणजे नोंद राहील.

तुझा,
विनय