बर्फाच्या दिवसाचा पगार

रॅले, नॉर्थ कॅरोलायना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, विद्यापीठच बर्फामुळे बंद होतं, तर मावशीच्या नातवाला त्या दोन दिवसांचे पैसे का नाहीत? आई, तुझा प्रश्न वेगळा होता: सगळं बंद म्हटल्यावर वसतिगृहातल्या पोरांना जेवायला कोण घालतं? तेव्हा बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. बाबांनी हयातभर कॉलेजच्या कार्यालयात मस्टर आणि पगारपत्रकं सांभाळली आहेत, तेव्हा आकड्यांसकट लिहिते. तपासून बघा.

विद्यापीठ कधीच पूर्ण बंद नसतं. वर्ग भरत नाहीत, कार्यालयांना कुलूप लागतं, पण बॉयलर चालू ठेवावा लागतो, नाहीतर इमारतींतल्या नळ्या गोठून फुटतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांना दाणापाणी लागतं. उणे ८० अंशांच्या फ्रीझरची वीज गेली तर कुणाचं तरी कित्येक वर्षांचं संशोधन वितळतं. पोलीस असतात, वसतिगृहं असतात. म्हणून ‘बंद’ हा शब्द इथे सैल वापरून चालत नाही. त्या दिवशी कोणता शब्द जाहीर झाला, त्यावर हजारो लोकांचा पगार ठरतो.

तुम्हाला हे नवं नाही. अतिवृष्टी झाली की जिल्हाधिकारी शाळा-कॉलेजांना सुट्टी देतात आणि पुष्कळदा त्याच आदेशात एक ओळ असते, की शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी हजर राहावं. सुट्टी विद्यार्थ्यांना, हजेरी तुम्हाला. इथल्या राज्य विद्यापीठांच्या एकत्रित व्यवस्थेत १७ संस्था आहेत आणि तिथे हाच फरक तीन पायऱ्यांत लिहून ठेवला आहे. पहिली पायरी म्हणजे कामकाज कमी: वर्ग उशिरा किंवा रद्द, पण कार्यालय उघडं. येता येत नसेल तर येऊ नका, मात्र त्या तासांचा हिशोब तुम्ही द्यायचा. दुसरी म्हणजे कामकाज स्थगित: बहुतेकांनी यायचं नाही, पण हिशोब याही वेळी द्यायचाच. हिशोब म्हणजे वार्षिक रजा टाका, साठलेली बदली रजा वापरा, किंवा साहेबांच्या संमतीने ते तास नंतर भरून द्या. आजारी रजा इथे चालत नाही. बर्फ हा आजार नव्हे. तिसरी पायरी खरी ‘बंद’: तिथे नेहमीच्या कर्मचाऱ्याला रजाही टाकावी लागत नाही आणि पगारही पूर्ण मिळतो. ज्यांना त्या दिवशी यावंच लागतं, त्यांना कामाचा पगार आणि वर तितक्याच तासांची भरपाई रजा.

तिसरी पायरी सहसा जाहीर होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने या राज्याचा पश्चिम भाग धुऊन नेला. ॲशव्हिलच्या विद्यापीठाचे वर्ग महिन्याभराने, २८ ऑक्टोबरला, तेही ऑनलाइन सुरू झाले. शहराच्या नळाला पिण्यायोग्य पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटून गेला. तिसरी पायरी अशा वेळेसाठी असते. रॅलेत चार बोटं बर्फ पडला तर पहिली किंवा दुसरीच. लोक मात्र फोनवर ‘कॅम्पस बंद’ एवढंच वाचतात आणि खाली लिहिलेला पायरीचा आकडा वाचत नाहीत. पुढच्या आठवड्यात रजेचे आठ तास गेलेले दिसले की पगार विभागाचा फोन वाजू लागतो.

आता कायदा. १९३८ चा केंद्रीय वेतन कायदा कर्मचाऱ्यांचे दोन भाग करतो. पगारी लोकांना आठवड्याला किमान ६८४ डॉलर ठरलेला पगार हवा आणि कामही त्या दर्जाचं हवं (शिक्षकांना ही रकमेची अट नाही). त्यांनी आठवड्यात थोडंही काम केलं आणि विद्यापीठाने एक-दोन दिवस दारं बंद ठेवली, तर पगाराला हात लावता येत नाही. रजेच्या खात्यातून तास वळते करता येतात, हातात पडणारी रक्कम तीच राहते. तासावरच्या लोकांना हे छत्र नाही. जितके तास काम, तितकेच पैसे. त्यापलीकडे जे मिळतं ते त्या संस्थेच्या नियमाने. आपल्याकडचा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक आठवा. पावसाने तास झाला नाही, की मानधन नाही. तात्पुरते मदतनीस, विद्यार्थी कामगार आणि ठेकेदाराकडून आलेले सफाईवाले इथे नेमके त्याच जागी उभे असतात. मला हे मनापासून खटकतं. आठ तासांचे पैसे बुडाल्याने ज्याचं घरभाडं अडतं, त्यालाच बर्फाची झळ सगळ्यात जास्त लागते.

बाबा, हे उदाहरण मांडून बघा. दोघांचा दर तासाला १८ डॉलर. पहिली ग्रंथालयातली कायम कर्मचारी: सोमवार ८, मंगळवार ८, बुधवारी विद्यापीठ तिसऱ्या पायरीवर बंद म्हणून बंदीचे ८, गुरुवार-शुक्रवार साचलेलं काम उपसायला १०-१०. बेरीज ४४. ती ओव्हरटाइम मागते, पण मिळत नाही, कारण ओव्हरटाइम प्रत्यक्ष काम केलेल्या ४० तासांनंतर सुरू होतो आणि तिने काम केलं ३६ तास. ४४ गुणिले १८, म्हणजे ७९२ डॉलर. दुसरा मैदान विभागातला, बर्फ काढणारा: रोज ८, पण त्याच बुधवारी १२. बेरीज तीच ४४, पण सगळे तास कामाचे. ४० तासांचे ७२०, चार तास दीडपटीने २७ डॉलरप्रमाणे १०८, एकूण ८२८. शिवाय बुधवारच्या १२ तासांची भरपाई रजा खात्यात जमा. टाइमशीटवर दोघांचीही बेरीज ४४ दिसते. बंदीचे तास कुणी चुकून ‘काम’ या कोडखाली भरले, तर पहिलीला जास्त पैसे जातात आणि दोन महिन्यांनी वसुली निघते. वसुलीसारखं वाईट काही नाही.

चुका कुठे होतात तेही सांगते. पाळीच्या मधेच बंदी लागू होते: संध्याकाळी ६ ला बंद जाहीर झालं आणि पाळी ३ ते ११ असेल, तर तीन तास साधे आणि पाच बंदीचे. मुकादम बहुतेकदा आठही तास एकाच कोडखाली टाकतो. चार दिवस दहा-दहा तास करणाऱ्यांना यंत्रणा आठच तास देते आणि दोन तास लोंबकळत राहतात. ज्याचा साप्ताहिक सुट्टीचा वार नेमका बंदीच्या दिवशी आला, त्याला जास्तीचं काही मिळत नाही. आधीच मंजूर रजेवर असलेल्याची रजा बहुतेक ठिकाणी रजाच राहते, काही ठिकाणी परत मिळते. हे आधी वाचून ठेवावं. आणि घरून काम करणारे! घरी वीज आणि इंटरनेट असेल तर त्यांचा दिवस नेहमीसारखाच, कारण निसरडा आहे तो रस्ता. हे ऐकून पुष्कळजण रागावतात, पण नियम म्हणून ते बरोबर आहे.

पगाराची तारीख बर्फासाठी थांबत नाही. पंधरवड्याची फाइल बँकेला एक-दोन दिवस आधी जावी लागते, म्हणून वादळाचा अंदाज आला की टाइमशीट मंजूर करायची मुदत अलीकडे ओढतात आणि शेवटच्या दिवसांचे तास अंदाजाने भरून पुढच्या पगारात दुरुस्त करतात.

आई, आता तुझं उत्तर. भोजनगृहातल्या लोकांना नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवलेलं असतं, की तुम्ही ‘अनिवार्य’ कर्मचारी आहात. अंदाज आला की आदल्या संध्याकाळी कोण थांबणार ते ठरतं आणि बैठकीच्या खोल्यांत खाटा पडतात. सगळी भोजनगृहं न उघडता वसतिगृहांच्या जवळचं एखादंच उघडतात आणि पदार्थ कमी करतात: सूप, पास्ता, अंडी, ब्रेड, आणि सोबत न्यायला डबाबंद जेवण. पायवाटांवर आदल्या दिवशीच मिठाचं पाणी मारतात, २३ टक्क्यांचं. ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. मात्र आधी पाऊस पडून मग गारठलं, तर ते मीठ वाहून जातं, आणि या भागात नेमकं असंच होतं. म्हणून इथे बर्फापेक्षा काचेसारख्या गोठलेल्या पावसाची भीती जास्त. पहाटे चालत येणारी भोजनगृहातली बाई त्याच काचेवरून येते. ‘अनिवार्य’ म्हणजे जीव धोक्यात घाला असं नाही. रस्ता बंद असेल तर तिने वेळेत कळवायचं, आणि बिनखबर गैरहजर एवढं राहायचं नाही.

राहिला मावशीचा नातू. तो विद्यार्थी म्हणून ग्रंथालयात तासावर आहे, म्हणून बंदीच्या दोन दिवसांचे पैसे त्याला नियमानेच मिळाले नाहीत. पण पहिल्या दिवशी दुपारी २ ला बंद जाहीर झालं तेव्हा तो कामावर होता. दिवे, खिडक्या, कुलपं करून निघायला त्याला २ वाजून ४० मिनिटं झाली असतील, तर पैसे २:४० पर्यंतचे हवेत. साहेबांनी घरी फोन करून पाळ्या लावून घेतल्या असतील तर तो वेळही काम धरला जातो. त्याने बंदीचा ईमेल, पाळीचा तक्ता आणि निघाल्याची वेळ लिहून साहेबांकडे मागच्या पंधरवड्याची टाइमशीट दुरुस्त करायला द्यावी. लाजू नये म्हणावं.

आणि मावशीला हे आजच फोन करून सांगा: बुडालेले तास पुढच्या आठवड्यात भरून काढायला जाऊ नको म्हणावं. त्याच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांचीच परवानगी आहे. साहेब प्रेमाने म्हणतील, ‘ये, सहा तास जादा घे.’ बर्फामुळे बुडाले म्हणून व्हिसाचा नियम सैल होत नाही आणि टाइमशीटवर २६ हा आकडा कायमचा राहतो. त्याला २० वर थांबायला सांगा. पैशांची ओढाताण असेल तर मला कळवायला सांगा.

तुमची,
लेक